वजन उतरेनासे होते तेव्हा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



गेल्या वर्धापनदिनी मी याच जागी उभी राहून मोठ्या आवेशाने बोलले होते, हे तुमच्यापैकी बहुतेकींना आठवत असेल. भात सोडला, पोळी सोडली, साखर सोडली आणि तीन महिन्यांत सात किलो वजन उतरले, असे मी सांगितले. टाळ्या पडल्या. त्यानंतर मंडळातल्या पाचसहा जणींनी माझे ऐकून तोच आहार धरला. आता त्या बाजारात, स्टेशनच्या रस्त्यावर, हळदीकुंकवात भेटतात आणि एकच विचारतात, "वहिनी, काटा हलत नाही, काय करू?" खरे सांगायचे तर ते भाषण केले त्याच सुमारास माझाही काटा हलायचा थांबला होता. पण टाळ्या घेतल्यावर ते बोलायची लाज वाटली. म्हणून या वर्षी चिटणीसताईंनी विषय विचारला, तेव्हा हाच मागून घेतला.

प्रथम तो आहार काय, ते थोडक्यात सांगते. त्याला कीटो म्हणतात. दिवसाला वीस ते पन्नास ग्रॅमच पिष्टमय पदार्थ पोटात जाऊ द्यायचे, आणि भूक तूप, लोणी, अंडी, पनीर, मटण, खोबरे, पालेभाज्या यांवर भागवायची. शंभर ग्रॅम कच्च्या तांदळातच अठ्ठ्याहत्तरच्या आसपास ग्रॅम पिष्ट असते. म्हणजे आपल्या वडशासारख्या धानाच्या आणि राईसमिलच्या गावात हा आहार करायचा, तर अर्धे घर पाठीमागे टाकून बसावे लागते. सासूबाई रोज म्हणायच्या, "काहून वं, भाताचा एवढा राग?"

पुष्कळ जणी याची गल्लत दोन वेळच्या जेवणाशी करतात. नागपूरचे कैलासवासी डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेला आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी महाराष्ट्रभर नेलेला तो मार्ग वेगळा. त्यात दिवसातून दोनदाच जेवायचे, पण भात-पोळीला बंदी नाही. कीटो तर मुळात बारीक होण्यासाठी निघालेलाच नव्हे. १९२१ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधील डॉ. वाइल्डर यांनी तो फेपरे येणाऱ्या रोग्यांसाठी सुचवला. आजही औषधांना दाद न देणाऱ्या फेपऱ्यात लहान मुलांना तो देतात, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली. आपण मात्र तो मोबाइलवर पाहून, कोणाला न विचारता सुरू केला. मी तर जाऊबाईंच्या मोबाइलवर पाहिला.

माझे टोंगळे दुखत, जिना चढवेना, म्हणून मी या वाटेला गेले. वजन ब्याऐंशी किलो होते. पहिल्या पंधरवड्यात चार किलो उतरले. मला वाटले, अशा वेगाने दिवाळीपर्यंत मी माझ्या लग्नातल्या चोळीत मावेन! पुढच्या अडीच महिन्यांत तीन किलो गेले आणि पंचाहत्तरवर काटा जो थांबला, तो अकरा आठवडे तिथेच. मधे दिवाळीनंतरच्या मंडईला माहेरी गेले. भावाच्या घरी पाहुणे, रात्रभर नाटक. दोन दिवस भात खाल्ला, भजी खाल्ली. परत येऊन काट्यावर उभी राहते तो सत्याहत्तर! त्या दिवशी मी मोरीत बसून रडले, हे आज प्रथमच सांगते आहे.

पुढे डॉक्टरीणबाईंनी समजावले, तेव्हा हसावे की रडावे कळेना. आपल्या काळजात आणि स्नायूंत सुमारे अर्धा किलो साखर साठवणीची असते, आणि तिचा एकेक ग्रॅम तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतो. भात-पोळी सोडली की ही साखर पहिल्या काही दिवसांत खर्च होते आणि ते पाणीही जाते. म्हणजे माझ्या पहिल्या चार किलोंपैकी दोनेक किलो निव्वळ पाणी होते. मंडईला भात खाल्ला, साठवण भरली, पाणी परत आले. दोन दिवसांत दोन किलो चरबी चढली नव्हती आणि पहिल्या पंधरवड्यात चार किलो चरबी उतरलीही नव्हती. गेल्या वर्षी मी तुम्हांला जो चमत्कार सांगितला, त्यातला बराचसा पाण्याचा होता.

आता अकरा आठवडे काटा का अडला? त्याला एक कारण नाही. एक तर ब्याऐंशी किलोच्या देहाला जेवढे अन्न लागे, तेवढे पंचाहत्तर किलोच्या देहाला लागत नाही. शिवाय अन्न कमी पडते असे दिसले की शरीरही काटकसर करू लागते, हिशेबाने निघावी त्याहून थोडी जास्तच. मी मात्र जेवण तेच ठेवले होते. नव्हे, वाढवले होते! "तूप चालते" एवढेच डोक्यात बसलेले. सकाळच्या चहात साखर नाही म्हणून चमचाभर तूप, भाजीवर तूप, अंड्यावर लोणी. स्वयंपाक करताना शेंगदाण्यांची मूठ तोंडात. एक दिवस पोह्याच्या चमच्याने नव्हे, मोठ्या मापाच्या चमच्याने सगळे मोजले. मोठा चमचाभर तेल किंवा तूप म्हणजे एकशेवीसच्या आसपास उष्मांक. पन्नास ग्रॅम शेंगदाणे म्हणजे जवळजवळ दोनशे ऐंशी. माझ्या न मोजलेल्या तुपाचे आणि दाण्यांचे मिळून एका जेवणाएवढे उष्मांक होत होते. भात न खाता मी भाताएवढेच खात होते, आणि वर महाग खात होते. पनीरचे भाव तुम्हांला माहीत आहेत. त्यात घरच्यांचा वेगळा आणि माझा वेगळा असा दुहेरी स्वयंपाक. त्या कष्टाचा हिशेब या आहाराच्या व्हिडिओत कोणी करीत नाही.

पण हे मोजायची बुद्धी उशिरा आली. आधी मी दुसरेच केले. काटा हलत नाही, तर आणखी सोडा. रात्रीचे जेवण सोडले, मग सकाळचेही नुसत्या चहावर आणले. वजन दिवसातून तीनदा करी. एके दिवशी दुपारी धुणे वाळत घालताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि अंगणातच बसले. या आहारात लघवीवाटे मीठही जास्त जाते, आणि मी तर मीठही तोडले होते. ते बरे झाले, मीठ-पाण्याने सावरले. यांना मी काही बोलले नाही.

खरी गोष्ट पुढेच आहे. शेजारच्या काकूंनी एकदा सहज म्हटले, "तुमच्याकडची गाय चांगली पोसली बाई, रोज तीन पोळ्या!" मला उमगेना. आमच्या दाराशी येणाऱ्या त्या गायीला मी कधी रोज पोळी घातली नव्हती. धाकटी, आता दहावीला आहे, ती शाळेतून आली की डबा गायीपुढे रिकामा करीत होती. दोन महिने. विचारले तर म्हणाली, "तू नाही खात, मग मी काहून खाऊ?" तिच्या अंगावर मूठभर मांस नाही. ती माझा काटाही वापरत होती, मी बाजारात गेले की.

त्या दिवशी मी काटा माळ्यावर टाकला आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी मला रागावले नाही. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासले. थायरॉइड ठीक निघाले, हिमोग्लोबिन कमी निघाले. वजन अडून बसले तर ही तपासणी करून घ्यावी, असे त्यांचे म्हणणे. मग टेप काढून कंबर मोजली. सुरुवातीला सहज मोजून वहीत लिहिलेली कंबर अठ्ठ्याण्णव सेंटिमीटर होती, ती त्र्याण्णव भरली. काटा अडला होता, पण कंबर उतरत होती, आणि मी ते पाहतच नव्हते! आपल्याकडच्या बायकांची कंबर ऐंशी सेंटिमीटरच्या आत असावी असे धरतात. मी अजून लांब आहे, पण वाट दिसते.

त्यांनी आणखी एक सांगितले. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने सहाशे नऊ लोकांवर वर्षभर प्रयोग केला, २०१८ साली तो छापून आला. निम्म्यांनी तेल-तूप कमी केले, निम्म्यांनी भात-पोळीसारखे पदार्थ. वर्षाअखेर दोन्हींचे वजन पाचसहा किलोंनीच उतरले, दोघांत सांगण्यासारखा फरक नव्हता. जे घरात निभेल ते करा, असे त्या म्हणाल्या.

म्हणून आता मी सगळ्यांबरोबर जेवते. दुपारी वाटीभर भात, दुसऱ्यांदा घेत नाही. त्याच्यासोबत दाट वरण, ताक, अंडे किंवा मासळी आणि भाजी दुप्पट. पावसाळ्यात आपल्याकडे भाजीला काय तोटा? तरोटा आहे, वास्ते आहेत (उकळून पाणी टाकून द्यावे), सात्या निघतात. थंडीत पोपटाच्या शेंगा. तेल महिन्याचे मोजून काढते. संध्याकाळी वैनगंगेच्या पुलाच्या दिशेने तीन पाव तास चालते. वजन आठवड्यातून एकदा, शुक्रवारी सकाळी. नाटकांच्या दिवसांत मात्र जागरण होते, रात्री दोनला चहा-भजी होतात, आणि काटा अडतो. अडू द्या. सध्या त्र्याहत्तर आहे. टोंगळे जिन्यावर कुरकुरत नाहीत.

धाकटी आता माझ्यासमोर जेवते. शाळेतले मी पाहू शकत नाही. डॉक्टरीणबाईंकडे तिला दर महिन्याला नेते.

गेल्या वर्षी माझे ऐकून ज्यांनी हा आहार धरला, त्यांतल्या दोघी मधुमेहाच्या गोळ्या घेतात, हे मला नंतर कळले. भात-पोळी बंद करून गोळ्या तशाच चालू ठेवल्या तर साखर एकदम खाली जाऊ शकते, आणि काही गोळ्यांबरोबर हा आहार केल्यास रक्तात आम्ल वाढून जिवावर बेतू शकते. इन्शुलिन घेणाऱ्यांचेही तसेच. त्या दोघींनी उद्याच डॉक्टरांना विचारावे, मी सोबत येते. बाकीच्यांनी बुधवारी दुपारी चारला मंडळाच्या खोलीत यावे. टेप आणि मापाचे चमचे आणून ठेवले आहेत. प्रत्येकीने आठ दिवस काय खाल्ले ते लिहून आणावे, चाखलेलेसुद्धा.