आधुनिक नृत्याचा पहिला धडा



सातव्या वर्षी पायात चाळ बांधले नाहीत तर नृत्याचे दार कायमचे मिटले, अशी आपल्याकडे समजूत आहे. मार्था ग्रॅहॅम या अमेरिकन नर्तकीचा जन्म १८९४ सालचा. लॉस एंजेलिसच्या डेनिशॉन नृत्यशाळेत ती दाखल झाली १९१६ साली, बाविसाव्या वर्षी. दहा वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये तिने स्वतःचे नृत्यपथक उभारले. सगळ्यांनाच हे साधते असे नव्हे. पण दार उघडे होते.

तिच्या पद्धतीचा वर्ग सुरू होतो तो जमिनीवर बसून, अनवाणी. नवशिक्याला वाटते, नाचायला आलो आणि हे काय! पण मेख तिथेच आहे. श्वास सोडताना पोट आत जाते, पाठीला बाक येतो. श्वास घेताना कणा पुन्हा उभा राहतो. हात हलतो, मान वळते, ती या हालचालीच्या ओघात. हात आधी उचलून श्वास मागाहून जोडला, की नृत्याची कवायत होते. (कवायत वाईट नव्हे; पण तिचे तिकीट कोणी काढत नाही.)

डॉरिस हंफ्रीने तोल जाण्यात आणि सावरण्यात नृत्य शोधले. तेव्हा पडायलाही शिकावे लागते : गुडघ्यावर न आदळता, वजन हळूहळू जमिनीच्या स्वाधीन करीत.

प्रौढांना हेच जड जाते. लहान मूल दिवसातून दहादा पडते; आपण चाळीस वर्षे न पडण्याचीच तालीम केलेली असते. सांधे ताठरलेले असतात, ते बेताबेतानेच सैल करावेत. पण मोठा अडथळा आहे तो नजरेचा. शाळामास्तर किंवा आजीबाई चारचौघांत जमिनीवर लोळताना दिसल्या तर? माझे मत विचाराल तर पहिला महिनाभर शिकवणाऱ्याने वर्गातला आरसा झाकून ठेवावा.