स्वतःला धरून मोजा
(अमळनेर येथे महिला मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



'थोड्या खर्चात मोठ्या कुटुंबाचा पोटभर स्वयंपाक' हा विषय मला दिला आहे. मी काही विद्वान नाही. चुलीने शिकवले तेवढे सांगते.

१९७२ च्या दुष्काळात आमच्या घरी खाणारी माणसे चौदा. रोज डाळ शिजवणे परवडत नसे. तेव्हा आपली कळण्याची भाकरी कामी आली. चार वाटे ज्वारी, एक वाटा सालीचे उडीद, थोडे खडे मीठ घालून एकत्र दळावे. ज्वारीत जे उणे असते ते उडदाने भरून निघते. म्हणून ही भाकरी नुसत्या ठेच्याशी व तेलाशी खाल्ली तरी अंगी लागते. भाजी नसेल त्या दिवशी कांदा-लसणाचा रस्सा उकळावा आणि त्यात कालवलेल्या बेसनाच्या डुबुकवड्या सोडाव्या. अवचित पाहुणा आला, तरी रस्सा वाढवता येतो.

पण आमच्या घरची खरी काटकसर निराळीच होती. सर्वांना वाढून मी शेवटी बसे. अंगावर पिते मूल होते. एके दिवशी सासूबाईंनी माझे ताट पाहिले. चतकोर भाकरी आणि मीठ! त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी तव्यावरची पहिली भाकरी त्यांनी माझ्या नावाने फडक्यात बांधून ठेवली. पुढे रोजच ठेवीत.

भगिनींनो, स्वयंपाक स्वस्त अवश्य करा. पण आपला घास तोडून नव्हे. आज भाकऱ्या मोजाल तेव्हा स्वतःला धरून मोजा.