त्वांड हाय की मला
(युवक मेळाव्यातलं भाषण)


मी गोदीत मजुरी करणारा माणूस. शिक्षण दहावी, आमच्या आज्याच्या भाषेत मॅट्रिक. कॅमेऱ्याचं शास्त्र माझ्याकडून ऐकू नका. पण कॅमेऱ्यासमोर सापडणं काय असतं ते मला ठाऊक आहे.

दोन वर्षांमागं बंदराला पर्यटकांची बोट लागली होती. आम्ही गेटाबाहेर चहा पीत होतो. एक गोरा पाहुणा आला, माझ्या थोबाडापासून हातभर अंतरावर कॅमेरा धरला. मी हातानं नको म्हटलं. तो गोड हसला आणि खटकन् काढला. ना नाव विचारलं, ना गाव. आता मी कुठल्या भिंतीवर 'भारतीय हमाल' म्हणून टांगलोय कुणास ठाऊक!

रीत जुनीच. इंग्रजांनी १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ खंड काढले. माणसांचे फोटो, सोबत जात-जमातीची माहिती. माणूस नव्हे, नमुना.

१९८४ साली पेशावरजवळच्या नासिर बाग छावणीत स्टीव्ह मॅक्करी या अमेरिकन फोटोग्राफरनं एका निर्वासित अफगाण पोरीचा फोटो काढला. जून १९८५ ला तो 'नॅशनल जिऑग्राफिक'च्या मुखपृष्ठावर आला. तिचे हिरवे डोळे जगभर गाजले. तिचं नाव शरबत गुला, हे जगाला कळलं २००२ साली. तोवर तिनं स्वतः तो फोटो पाहिलाही नव्हता!

एवढं बोलून टाळ्या घेतल्या असत्या. पण मीही तेच केलंय.

नागपूरला दीक्षाभूमीवर गेलो होतो. रात्री मैदानात परभणीकडची एक आजी पोत्यावर निजलेली. पायाला भेगा. मी मोबाईल काढला, भेगांचा फोटो घेतला. डोक्यात कवितेचं नावसुद्धा तयार! नात ओरडली, "ओ दादा, विचारलं का?" आजी उठून बसली.

"पायाचा कशापायी काढतो रं लेकरा? त्वांड हाय की मला."

तिच्यासमोर तो फोटो पुसला. तिनं पदर नीट घेतला, नवी घेतलेली बाबासाहेबांची तसबीर मांडीवर धरली. मी खाली मातीत बसलो, तिच्या नजरेला नजर येईल असा. फोटो दाखवला. "डोळं मिटल्यात, दुसरा काढ." पाचवा पसंत पडला. नातीनं नाव-पत्ता लिहून दिला. मुंबईत प्रिंट काढून पोस्टानं धाडला.

पंधरा दिवसांनी नातीचा फोन. आजी म्हणती, अजून एक धाड, धाकल्या लेकीला द्यायचाय.