पाणी जातंय कुठे?

(जीप चालवणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



गाडीच्या निगेवर बोल, असं मला सांगितलंय. निगा फार मोठी गोष्ट आहे, मी एकाच पत्र्यावर बोलणार आहे. हेड गॅस्केट. गॅरेजात त्याला हेडचं पॅकिंग म्हणतात.

आपली संस्थेची फोर-व्हील जीप तुम्ही पाहिलीच आहे. एका पावसाळ्यात मोलगीच्या बाजूच्या पाड्यावरून रात्री एका बाळंतिणीला आणायचं होतं. १०८ला फोन लावायला तिथे रेंज नव्हती. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुमचं लक्ष तिकडेच राहील. वर रस्त्याला लागेपर्यंत नुसता चिखलाचा चढ. लो गिअरमध्ये इंजिन जोरात फिरत होतं, गाडी मात्र माणसाच्या चालीने. समोरून वारा नाही, रेडिएटरच्या जाळीत चिखल. काटा वर गेलेला मला दिसत होता. मागे ती कळा देत होती. मी थांबले नाही. रस्त्याला लागलो आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर, इंजिन अडखळायला लागलं, बंद. पाऊण तासाने आलेल्या पिकअपमध्ये तिला चढवलं.

गॅरेजवाला मला काही बोललाच नाही. माझ्याबरोबरच्या कार्यकर्त्याला म्हणाला, "बाईमाणसाने गाडी तापवली, साहेब." आणि मीही मान खाली घातली. त्या रात्री थांबायला हवं होतं का, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. पण खरी चूक त्या रात्रीची नव्हतीच. त्याआधी दोन महिने आम्ही सगळ्याजणी दर तीन-चार दिवसांनी रेडिएटरमध्ये तांब्याभर पाणी घालत होतो. खाली थेंब नाही, पाइप कोरडे. मग पाणी जातंय कुठे, असं एकीनेही विचारलं नाही. आपण आपली दुखणी अंगावर काढतो, तसं गाडीलाही काढायला लावलं.

इंजिनाचे दोन भाग असतात, खाली ब्लॉक, वर हेड. मधे हा पातळ थर. तो तीन गोष्टी वेगळ्या ठेवतो: सिलिंडरमधला जाळ आणि दाब, थंड करणारं पाणी, आणि ऑइल. डिझेल इंजिनात हवा पंधरा-वीस पट दाबली जाते, म्हणजे त्या थरावर किती ताण, बघा. इंजिन फार तापलं की हेड वाकतं आणि थर कुठेतरी सुटतो. मग पाणी सिलिंडरमध्ये जाऊन वाफ होतं, किंवा जळलेला वायू पाण्यात शिरतो, किंवा पाणी-ऑइल एकत्र होतं.

म्हणून खुणा अशा. कूलंट कमी होणं, पण गळती न दिसणं. इंजिन गरम झाल्यावरही न थांबणारा, गोडसर वासाचा पांढरा धूर. डिपस्टिकवर दुधाळ चहासारखं ऑइल. नुसत्या झाकणाखाली तसा फेस दिसला तर घाबरू नका, पावसाळ्यात जवळच्या फेऱ्यांनी दमट वाफ तिथे धरते. डिपस्टिक बघा. रात्रभर उभी गाडी सुरू केल्याबरोबर वरचा पाइप दगडासारखा कडक झाला, तर वायू पाण्यात शिरतोय. इंजिन थंड असताना झाकण काढून गाडी सुरू करा. बुडबुडे थांबतच नसतील तर संशय पक्का. मग गॅरेजात कॉम्प्रेशन टेस्ट मागा. रेडिएटरच्या तोंडाशी निळं औषध धरून करायची चाचणीही असते, जळका वायू असला की रंग पालटतो. पण काटा वर जातो तो बंद पडलेला थर्मोस्टॅट, ढिला पट्टा, खराब वॉटर पंप, यांनीही. ते आधी तपासायला लावा. नाहीतर हेड उगाच उघडलं जातं, आणि तो खर्च मोठा असतो.

आम्हाला तो दोनदा पडला. पहिल्यांदा पॅकिंग बदललं, हेड वाकलंय का ते पाहिलंच नाही. दीड महिन्यात पुन्हा पांढरा धूर. दुसऱ्या गॅरेजवाल्याने आमच्यासमोर हेडवर सरळ पट्टी ठेवली, खाली फिलर गेज सरकवला. "ताई, तुम्हीच बघा." फट दिसली. फेसिंग करून, नवे बोल्ट घालून, ठरलेल्या क्रमाने, टॉर्क पान्यानेच आवळले. तुम्हीही समोर उभ्या राहा. बसायला खुर्ची दिली तरी बसू नका.

आता आमच्या गाडीत वही असते. पाणी घातलं की तारीख आणि किती, ते लिहायचं. घालायचं तेही कूलंट, पुस्तकात सांगितलेल्या प्रमाणात. विहिरीच्या पाण्याचा क्षार आत धरतो. चिखलातून आल्यावर जाळी धुवायची, पण हलक्या धारेने, जाळी वाकते. चढावर काटा लाल रेघेकडे निघाला की हीटर पूर्ण सोडा, जागा मिळताच थांबा, इंजिन बंद. गरम झाकण उघडायचं नाही, तापल्या इंजिनावर गार पाणी ओतायचं नाही, कोणी कितीही घाई करो. हातावरचा हा डाग त्याचाच आहे.

बाकी प्रश्न गाडीपाशी घेऊ. जिने आजवर एकदाही बॉनेट उघडलं नाही, तिने पुढे यावं. इंजिन सकाळपासून थंड आहे, चहा नंतर.