अंगणातली द्राक्षवेल

असोद्याच्या बंधू-भगिनींनो,

आपला जिल्हा केळीचा. केळीचे ट्रक भरून येथून लांबलांब जातात. २०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे दुसरीकडची केळी आता जळगावची म्हणून विकता येत नाहीत. ही मोठी गोष्ट झाली. पण जो मजूर डोक्यावरून घड वाहतो, त्याच्या पोराच्या हातात रोज एक तरी फळ पडते का? विकतचे फळ महाग. ते आजाऱ्यासाठी येते, नाहीतर पाहुण्यासाठी. म्हणून आज आम्ही शेताचे नाही, अंगणाचे बोलणार आहोत. शेत सगळ्यांना नसते. चार हात जागा आणि न्हाणीचे सांडपाणी बहुतेकांकडे असते.

आधी द्राक्षाचे बोलू. त्याची हौस पुष्कळांना असते, आणि निराशाही त्यातच फार होते.

काही जण म्हणतात, द्राक्ष नाशिकचे, आपल्या उन्हात ते व्हायचे नाही. तसे काही नाही. सोलापूर-विजापूरकडे ऊन काय कमी आहे? तिकडे द्राक्षबागा आहेत. अजिंठ्याचा घाट चढून पलीकडे गेले की दौलताबाद. चौदाव्या शतकात इब्न बतूता नावाचा मोरोक्कोचा प्रवासी तेथे आला होता. दौलताबादेस द्राक्षे होतात, आणि वर्षातून दोनदा होतात, असे त्याने लिहून ठेवले आहे.

मग अडते कुठे? हौसेने वेल लावतात. ती मांडवभर पसरते, गार सावली देते. एक वर्ष जाते, दोन जातात, तीन जातात. घड काही लागत नाही. मग घरातले कोणी म्हणते, "वांझ आहे, उपटून टाका." (हा शब्द आपण बाईला आणि वेलीला फार लवकर लावतो.) वेल वांझ नसते. तिच्यावर कात्री चाललेली नसते, एवढेच.

थंड देशांत हिवाळ्यात वेलीची पाने आपोआप गळतात. वेल झोपते. थंडी सरली की उठते, ती घड घेऊनच. आपल्याकडे तशी थंडी नाही. वेल झोपत नाही, नुसती पाने काढीत राहते. म्हणून आपणच तिला छाटून थांबवायचे आणि छाटूनच जागे करायचे. महाराष्ट्रात हे वर्षातून दोन वेळा करतात.

पहिली छाटणी एप्रिलात, गुढीपाडव्याच्या पुढेमागे. हिला खरड छाटणी म्हणतात. मांडवावरच्या काड्या बुडाशी एकेक डोळा ठेवून कापायच्या. वेल बोडकी दिसते, घरच्या माणसांचा जीव हळहळतो. हळहळू द्या. पंधरा-वीस दिवसांत नवे फुटवे येतात. याच फुटव्यांवरच्या डोळ्यांत उन्हाळ्याच्या उजेडात घडाचा गर्भ धरतो. तो आपल्याला दिसत नाही, पण पुढचे सारे पीक तेथेच ठरते. म्हणून फुटव्यांची गर्दी होऊ देऊ नका. विरळ करा. उजेड प्रत्येक फुटव्यापर्यंत पोचला पाहिजे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर चढतो, तेव्हा बुडाशी पालापाचोळा पसरा आणि पाण्यात खंड पाडू नका.

दुसरी छाटणी ऑक्टोबरात, पाऊस उघडल्यावर. काडी आता तपकिरी आणि टणक झालेली असते. बुडाकडून पाच-सहा डोळे मोजा आणि पुढची काडी कापा. राहिलेली पानेही काढा. डोळे फुटतील आणि त्या फुटीबरोबर बारीक घड बाहेर येतील. सुमारे चार महिन्यांनी, फेब्रुवारी-मार्चात, ऊन तापण्याआधी द्राक्षे तोंडात पडतात.

बहिणाबाई चौधरी १८८० साली याच गावात जन्मल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, सारे ध्यानात ठेवीत. तुम्हाला आता अक्षर येते. छाटणीची तारीख भिंतीवर लिहून ठेवा.

लावणीचे थोडक्यात सांगतो. आपली काळी जमीन पाणी धरते, आणि तुंबलेले पाणी द्राक्षाच्या मुळांना सोसत नाही. दोन हात लांब, दोन हात रुंद, दोन हात खोल खड्डा घ्या. तळाशी विटांचे तुकडे टाका. वर माती, वाळू आणि कुजलेले शेणखत भरा. पेन्सिलीएवढी जाड, चार डोळ्यांची काडी आणा. दोन डोळे मातीत, दोन वर. उलटी लावू नका. एकच खोड सरळ मांडवापर्यंत न्या, मग शेंडा खुडा.

पानाखाली पांढरी बुरशी आली तर तो केवडा रोग. याचे औषध मोरचूद आणि चुना. ते सापडले कसे, हे ऐकण्यासारखे आहे. फ्रान्सात बोर्डोकडे वाटसरू द्राक्षे चोरीत, म्हणून शेतकरी रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुना शिंपीत. १८८२ साली रोग आला, तेव्हा त्याच वेलींची पाने टिकली. मिलार्दे नावाच्या प्राध्यापकांनी ते हेरले. प्रमाण असे: दहा लिटर पाण्याला १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम चुना. दोन्ही वेगळे भिजवा, मग प्लॅस्टिकच्या बादलीत एकत्र करा. त्यात विळा बुडवून पाहा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे, आणखी घाला. पोरांना लांब ठेवा, आणि घड पिकत आल्यावर फवारू नका.

आता एक खरे बोलतो. द्राक्ष गोड आहे, पण पोराच्या डोळ्यांसाठी पपईच चांगली. जागा एकाच झाडापुरती असेल तर आम्ही पपई लावायला सांगू. एका खड्ड्यात तीन रोपे लावा. फुले आली की पाहा. लांब देठावर झुबके लोंबले तर तो नर, तो काढा. खोडाला चिकटून फूल आले तर ते झाड ठेवा. न्हाणीच्या पाण्यावर केळ लावा, तिला ते मानवते. कोपऱ्यात कागदी लिंबू. कुंपणाला सीताफळ, त्याला शेळी तोंड लावीत नाही.

द्राक्षे पिकू लागली की पाखरे येतातच. जुने लुगडे मांडवावर टाका. आणि ऑक्टोबरात कापलेल्या काड्या उकिरड्यावर टाकू नका. चांगल्या काड्या निवडून ओल्या फडक्यात गुंडाळा आणि शेजारणीकडे पोचवा.