चालू वहीत प्रयोग नको
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



दरवर्षी या दिवशी सतरंज्या घालावयाच्या, चहाचे बघावयाचे आणि मागे भिंतीला टेकून भाषणे ऐकावयाची, असा माझा रिवाज. यंदा अध्यक्षबाईंनी मलाच उभे केले. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई आणि विषय मात्र संगणकाचा. तेव्हा चुकले माकले तर सांभाळून घ्यावे.

मागच्या वर्षी आपल्या बचतीच्या हिशेबाचा जो घोटाळा झाला, तो पुष्कळजणींना आठवत असेल. व्याजाचा नवा नियम संगणकात घालावयाचा म्हणून मी एका माहितगार मुलाला बोलावले. त्याने चालू हिशेबातच फेरफार केला आणि तो गेला. दुसऱ्या दिवशी आपली सभा. विडी वळणाऱ्या आपल्या एका भगिनीला मुलाच्या दवाखान्यासाठी तातडीने पैसे हवे होते. तीन वर्षांत तिने एक हप्ता चुकवला नव्हता. पण संगणकावर तिच्या नावापुढे शून्य! चार बायकांदेखत तिला “थांब” म्हणावे लागले. खजिनदार मी. पैसे मी घरून आणून दिले, कागदी वहीवरून आठ दिवसांत हिशेबही जुळला. पण तिचा त्या वेळचा चेहरा मला अजून विसरता येत नाही. त्या मुलाला मी बोल लावीत नाही. चालू हिशेबाला हात लावू दिला तो मी.

रात्री पुण्याला मुलीला फोन केला. ती म्हणाली, “आई, चालू वहीत कुणी प्रयोग करतं का गं? आमच्याकडे असं केलं तर कुणी दारात उभं करणार नाही.”

माझ्या मुलीचे कामच मुळी तपासणीचे. “पुण्याला नोकरी, पण काम काय, तर दुसऱ्याच्या चुका काढायचे!” असे आपल्या गल्लीत बोलले गेलेले माझ्या कानावर आहे. मला वाईट वाटे. कारण उत्तर मलाच येत नसे. म्हणून दिवाळीनंतर आठ दिवस तिच्याकडे राहिले आणि म्हटले, “मला सगळं दाखव.”

प्रथम क्लाउड म्हणजे काय ते सांगते. क्लाउड म्हणजे ढग. पण तो आभाळात नाही. मोठमोठ्या इमारतींत बसवलेले हे संगणक असतात. आपल्या सरकारच्या अशा योजनेचे नाव ‘मेघराज’ असून सरकारच्या राष्ट्रीय केंद्रांपैकी एक पुण्यातच आहे. एका मोठ्या वाड्याच्या खोल्या पाडून बिऱ्हाडे ठेवावीत, तसे एका मोठ्या संगणकाचे अनेक लहान संगणक करतात. भिंती मात्र दिसत नाहीत, त्या आज्ञेने उभ्या राहतात आणि आज्ञेने पडतात. असा वाडा सांभाळणारी जी कारभारी प्रणाली, तिचेच एक नाव क्लाउडस्टॅक. ती एका कंपनीची होती. २०११ साली सिट्रिक्सने ती कंपनी घेतली आणि २०१२ साली ही प्रणाली अपाचे या संस्थेला देऊन टाकली. तेव्हापासून ती कुणीही वापरावी, कुणीही सुधारावी. गावच्या विहिरीसारखी!

पण विहीर सर्वांची म्हटल्यावर पाण्याची काळजीही सर्वांनीच घ्यावयाची. देशोदेशीचे लोक रोज तीत बदल सुचवतात. एकाचा बदल चुकला तर हजारो बिऱ्हाडे अंधारात. मग तपासावयाचे कुठे? बिऱ्हाडे राहत असलेल्या वाड्यात भिंती पाडून बघता येत नाहीत. वेगळा वाडा बांधावा तर संगणक, जाळे, साठवण हे सगळे हाताने मांडण्यात दिवसच्या दिवस जातात. शिवाय एकाच जागेसाठी रांग लागते, आणि आधीच्याने काही मागे ठेवले की पुढच्याची तपासणी बिघडते. रंगाचे पातेले न धुता त्यात दुसरे सूत घातले तर काय होते, हे सोलापूरकरणींना मी सांगावयास नको.

यावर या लोकांनी जो उपाय काढला तो पाहून मी थक्क झाले. त्यांनी वाड्याच्या आत खोटा वाडा बांधण्याची सोय केली! क्लाउडच्याच पोटात धाकटा क्लाउड उभा राहतो. शेपब्लू नावाच्या कंपनीने हे साधन केले आणि सर्वांना खुले केले. त्याचे नाव ट्रिलियन. तपासणीच्या साधनाचे नाव मार्विन. दोन्ही नावे डग्लस ॲडम्स यांच्या विनोदी इंग्रजी कादंबरीतल्या पात्रांची आहेत. मोठी माणसे कामातही गंमत ठेवतात.

रीत अशी. वाडा कसा बांधावयाचा याची यादी एकदाच लिहून ठेवलेली असते: किती संगणक, कोणत्या जातीचे, कोणते जाळे. अन्सिबल नावाचा गडी ती यादी वाचून पायरीपायरीने बांधणी करतो. अधिकार असलेल्या माणसाने बदलाखाली एक ओळ लिहावयाची. ती ‘निळा ओरांगउटान’ नावाच्या यांत्रिक नोकराला उद्देशून असते. मग कोरा वाडा उभा राहतो, त्यात नवा बदल घालतात आणि एकेक परीक्षा घेतात: खोली मिळते का, दार उघडते का, बिऱ्हाड हलवता येते का. काही तासांनी किती परीक्षा उतरल्या आणि कोणत्या बुडाल्या, हे तो नोकर तिथेच लिहून ठेवतो. काम झाले की वाडा पाडावयाचा. आपल्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर दुकाने उभी राहतात आणि यात्रा संपली की मैदान मोकळे, तसेच हे. पाडले नाही तर जागा अडून राहते आणि दुसऱ्याला मिळत नाही.

यात उणिवाही आहेत. खोटा वाडा खऱ्यापेक्षा मंद चालतो. कधी बदल चांगला असूनही परीक्षा उगीच बुडते. तेव्हा माणसानेच बसून चूक बदलाची, परीक्षेची की वाड्याची, हे शोधावे लागते. हे शोधण्याचे काम माझी मुलगी करते. एका रात्री अकरापर्यंत ती एका बुडालेल्या परीक्षेशी झगडत होती. मी म्हटले, “झोप आता.” ती म्हणाली, “आई, ही इथं सापडली तर कुणाच्या घरात जाणार नाही.” मला आपली विडीवाली भगिनी आठवली. गल्लीतल्या बोलण्याचे उत्तर मला तेव्हा मिळाले. दुसऱ्याची चूक लोकांपुढे येण्याआधी एकांतात शोधून देणे, हे हलके काम नव्हे.

परत आल्यावर आपण काय केले ते तुम्हांस ठाऊकच आहे. आता हिशेबाची एक नक्कल वेगळी ठेवतो. तिच्यात खोटी नावे, खोट्या रकमा. नवा नियम आधी तिथे. पैसे भरून बघावयाचे, काढून बघावयाचे, व्याज कागदावर पडताळावयाचे. काय काय पडताळावयाचे त्याची यादी आपल्या कपाटाच्या दारावर चिकटवली आहे. सगळे उतरले की मगच खऱ्या वहीत, आणि नक्कल पुसून पुन्हा कोरी. गेल्या चैत्रात अशाच तपासणीत दोन चुका सापडल्या. कुणालाही “थांब” म्हणावे लागले नाही.

एकच मागणे आहे. ती यादी मी एकटीने जपून चालणार नाही. दोघीजणींनी माझ्याबरोबर बसून शिकून घ्यावे. लिहितावाचता आले की पुरे. बाकीची मी सातवीवालीच तुम्हांस शिकवीन.