बोंडअळी आणि शेजारची कपाशी



आखाजी जवळ आली की एरंडोलच्या बाजारात एकच विषय असतो : यंदा कपाशीचे बी कोणते घ्यावयाचे? आम्ही वाणाचे नाव सांगावयास उभे नाही. हे बी आपल्या वावरात येण्यापूर्वी त्याची जी परीक्षा झाली, तिच्याविषयी बोलणार आहोत.

जालन्याच्या महिको कंपनीने 1996 मध्ये अमेरिकेच्या मोन्सँटोकडून बीटी कपाशीचे बी आणविले. मातीतल्या एका जीवाणूचा जनुक त्यात घातलेला. अळीने बोंड कुरतडले की त्यातील प्रथिन तिच्या आतड्याला भोके पाडते. 1998 पासून 9 राज्यांत सुमारे 40 ठिकाणी चाचण्या झाल्या. बीटीचा तुकडा, शेजारी बीटीविना तेच वाण. अळ्या मोजावयाच्या, बोंडे मोजावयाची. बीटी उत्तीर्ण झाली आणि 26 मार्च 2002 रोजी केंद्राच्या समितीने तीन वाणांना परवानगी दिली.

यात खोटे काही नव्हते. परंतु त्या तुकड्यांच्या भोवती शिवारभर साधीच कपाशी होती! बीटी पचवणारा एखादा पतंग निपजलाच, तर त्याची गाठ शेजारच्या साध्या पतंगाशी पडावी, आणि त्यांची संतती बीटीवर मरावी, असा हा हिशेब आहे. चाचणीत तो शेजार आयताच मिळाला. पुढे तो टिकावा म्हणून अट घातली गेली : 20 टक्के क्षेत्रात किंवा कडेच्या पाच ओळींत साधी कपाशी लावावी. 450 ग्रॅम बीटी बियाण्यासोबत 120 ग्रॅम साधे बी वेगळ्या पुडीत येई.

त्या पुडीचे काय झाले, हे आम्ही येथे सांगावयास नको. बहुतेक बांधावर पडली. शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे हो! कर्ज काढून बी घेणाऱ्याने पाच ओळी अळीला का जेवू घालाव्यात, हे त्याला नीट समजावले कोणी?

हिरवी अळी तुरीवर, हरभऱ्यावरही जगते. तिला बाहेरचा शेजार उरला. शेंदरी अळीला मात्र कपाशीवाचून फारसे काही चालत नाही. शिवार सगळे बीटीचे झाले, तेव्हा बीटी पचवणाऱ्या पतंगांना जोडीदारही तसेच मिळाले. एका जनुकाच्या बीटीला ती दाद देत नाही, हे 2010 मध्ये गुजरातेतून जाहीर झाले. 2006 मध्ये आलेले दोन जनुकांचे वाणही पुरले नाही. 2017 मध्ये तिने महाराष्ट्रातली बोंडे आतून पोखरली. बोंड वरून धड दिसते, आणि आत शिरलेल्या अळीपर्यंत फवारा पोचत नाही.

आपल्या खानदेशाने तर तिला बारमाही पंगतच वाढली. विहिरीला पाणी म्हणून मे महिन्यात लागवड, आणि चार पैशांच्या आशेने उन्हाळ्यापर्यंत फरदड. 1 जूनपूर्वी लागवड नको, असे कृषी खाते सांगते, त्यावर आपल्याकडे कुरकुर होते. आम्हीही केली आहे. पण मधले महिने शिवारात कपाशी नसेल, तर लवकर बाहेर पडलेला पतंग अंडी घालील कोठे?

पेरणीनंतर दीड महिन्याने कामगंध सापळे लावावेत. मिटलेली डोमकळी दिसली की तोडून नष्ट करावी. आणि ज्यांच्या वावरात अद्याप पऱ्हाटी उभी आहे, त्यांनी ती याच आठवड्यात उपटावी. सरपण म्हणून बांधावर रचू नये. तिच्यावरच्या वाळक्या बोंडांत, सरकीच्या आत, शेंदरी अळी निजलेली असते.